मैदानात बसलेलं गाव

मोर्चाचा फलक रंगवायला मला गावी बोलावलं होतं. मी अलिबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे गावात लग्नाच्या मांडवाची पाटी असो, सप्त्याचा फळा असो की क्रिकेटच्या सामन्यांचा बोर्ड, रंगाचं काम निघालं की माझी आठवण होते. आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खाडीलगत थोडी मिठागरं, तीही आता बहुतेक पडीकच. त्या वर्षी आमच्या बाजूच्या कितीतरी गावांना जमिनी घेणार असल्याच्या नोटिसा आल्या होत्या. मोठा रस्ता होणार, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने येणार, असं कायकाय कानावर येत होतं. मग ठरलं की मुंबईला जायचं. एकट्यादुकट्या गावानं नाही, किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांनी मिळून जायचं.

“फ्लेक्स छापून आणा की,” मी म्हटलं होतं.

शेजारचे काका म्हणाले, “फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो. आणि छापायचा म्हटला की आधी धा जणांचे फोटो टाकायला लागतात. तू आपलं कापडावर नुसतं गावाचं नाव लिही. मोठं लिही.”

मी अंगणात मांजरपाटाचं कापड पसरून अक्षरं काढत होते. आई समोर बसून कापडाचं टोक पायाच्या अंगठ्याखाली धरून होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून. लाल रंग एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात चालला होता. बराच वेळ ती बघत राहिली आणि म्हणाली, “मी पण येनार.”

“आई, चालायचं आहे तिथं. तुझे गुडघे?”

“गुडघे घेऊनच येनार. घरी ठेवून कशी येऊ?”

आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. सत्तरी ओलांडली तरी ती अजून दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाते, फक्त आता बांधावर बसून इतरांना चुका दाखवते. तिचं माहेर खाडीच्या पलीकडचं, उरणच्या अंगाचं. तिच्या लग्नानंतर काही वर्षांत ते अख्खं गाव एका प्रकल्पासाठी उठवलं. घरं पाडली, तारेचं कुंपण घातलं, आत मोठाल्या गोल टाक्या उभ्या राहिल्या. माणसांना पनवेलच्या बाजूला वसाहतीत जागा दिल्या, पुष्कळांना त्याही मिळाल्या नाहीत. कुणी मुंबईत गेलं, कुणी ट्रकांच्या धंद्यात पडलं, कुणी नुसतंच गेलं. आईचे आईवडील त्या धावपळीतच वारले. एकुलता एक भाऊही पुढं वारला. लहानपणी आम्हाला आजोळ नव्हतं. इतर मुलं मे महिन्यात मामाकडं जायची, तेव्हा आम्ही आत्याकडं जायचो. का, ते कुणी विचारायचं नाही असं घरात न सांगता ठरलेलं होतं.

पहाटे आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा समुद्रच नव्हता. पौषातलं धुकं इतकं दाट होतं की धक्क्याच्या शेवटच्या पायरीनंतर पांढरं सुरू होत होतं. त्या पांढऱ्यातून लाँच हळूच बाहेर आली, आधी तिचा आवाज, मग नाक, मग दोरी फेकणारा हात. एकेक गाव आत चढलं. गुंडाळलेले फलक, भाकरीची फडकी, पाण्याच्या बाटल्या. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वास्तविक आमच्याकडची माणसं एकमेकांशी शेताच्या दोन टोकांवरून बोलतात, लाँचमध्ये तर इंजिनाच्या वर आवाज काढतात. पण त्या दिवशी धुक्यानं सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवला होता.

अर्ध्या वाटेत लाँच चालवणाऱ्या तांडेलानं इंजिन बंद केलं. मोठ्या बोटींची ये-जा असते त्या वाटेवर, आणि दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. धुकं विरळ होईतो थांबायचं ठरलं. आम्ही पाण्यावर नुसते तरंगत राहिलो. कुठूनतरी एका बोटीचा भोंगा वाजायचा, त्याला दुसरीकडून दुसरा उत्तर द्यायचा. मी डोळे मिटले की उघडे ठेवले, फरक पडत नव्हता. दोन्हीकडं तोच पांढरा उजेड. माझ्या खांद्याला टेकलेल्या आईचा श्वास मला लाटेसारखा लागत होता.

“तिथं,” ती अचानक म्हणाली. तिनं लुगड्याच्या पदरातून हात बाहेर काढून पांढऱ्याकडं बोट केलं. “तिथं आमचं घर. बांधाला लागून. भरतीला पानी पार मागच्या दारापर्यंत यायचं.”

मी बघितलं. तिथं काहीच नव्हतं, त्यामुळे ती म्हणेल ते सगळं असू शकत होतं.

थोड्या वेळानं धुकं वर उचलायला लागलं. आईनं बोट केलं होतं तिथं खरोखरच किनारा निघाला, आणि किनाऱ्यावर त्या टाक्या, ओळीनं, उन्हात चांदीसारख्या. आईनं हात पदरात घेतला आणि फडक्यातली भाकरी गरम आहे का ते चाचपून बघितलं.

भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा मासळीचा बाजार भरात होता. बर्फाचं पाणी पायांखालून वाहत होतं. कोळणी आमचे फलक वाचत होत्या. “कुठले गो तुम्ही?” एकीनं विचारलं. आईनं गावाचं नाव सांगितलं, तशी ती म्हणाली, “माजी नणंद दिलीय तिथं,” आणि आमच्यासोबत बाजाराच्या दारापर्यंत नणंदेच्या तक्रारी सांगत आली.

भायखळ्याला सगळी गावं एकत्र येणार होती आणि तिथून चालत सभेच्या मैदानावर जाणार होती. आम्ही पोचलो तर रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी आणि डोक्यांवर कापडं. उरण-पनवेलची माणसं बसनं आलेली, पेणची टेम्पोनं, मुरुड-श्रीवर्धनची रात्रीच निघालेली. मी एवढी माणसं एका जागी कधी पाहिली नव्हती. पण भीती वाटली नाही. उधाणाच्या वेळी खाडीत उभं राहिलं की पाणी कमरेला हळूहळू उचलतं, तसं झालं. कुणीतरी घोषणा दिली, ती पुढं गेली, लांबवर जाऊन दुसऱ्याच शब्दांत परत आली. आपण चालतो आहोत हे मला जरा उशिरानंच कळलं.

आमच्या फलकाला दोन काठ्या होत्या. एक माझ्या हातात, दुसरी आईच्या. तिला कुणीतरी म्हणालं, “काकी, द्या, मी धरतो,” तर ती म्हणाली, “लेक लिहिते, आय धरते. तुजं काय?”

मैदानाकडं जाणारा उड्डाणपूल लांबलचक आहे, दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या मधून सापासारखा जाणारा. एरवी त्यावर माणसांना चालू देत नाहीत. त्या दिवशी गाड्या बंद होत्या आणि आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून शहरातून चाललो होतो. हा भाग मला अजून स्वप्नात दिसतो. घरांच्या खिडक्या हाताला लागतील इतक्या जवळ. एका खिडकीत एक माणूस अर्ध्या गालाला साबण लावून उभा होता. दुसरीत दोरीवर ओले कपडे, त्यांच्यामधून एका बाईचा नुसता चेहरा. एका गच्चीत पोपटाचा पिंजरा, आणि पोपट आमच्या घोषणा ऐकून शिट्टी घालत होता. एका खिडकीत डोक्यावर ओढणी घेतलेल्या म्हाताऱ्या बाईनं हात वर केला. आईनं काठी सांभाळत दुसरा हात वर केला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, पुलाचं वळण येईपर्यंत. जणू एक घरी आहे आणि दुसरी पाव आणायला चालली आहे.

वळणावर पूल असा वाकतो की मोर्चाचं पुढचं टोक बाजूनं दिसतं. तिथं आईची चाल मंदावली. मला वाटलं गुडघा. तिची काठी मागं राहायला लागली, कापड ताणलं गेलं.

“आई, थांबायचं का?”

ती पुढं बघत होती. बरंच पुढं, गर्दीच्या वर, एक जुनी चादर दोन बांबूंना बांधलेली दिसत होती. चादरीवर फिक्या निळ्या फुलांची नक्षी होती आणि त्या फुलांवर कुणीतरी काळ्या रंगानं वाकडीतिकडी अक्षरं लिहिली होती. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं अक्षरं जोडत, ओठ हलवत ते नाव वाचलं. मग परत वाचलं.

ते तिच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. आता नकाशात नसलेलं.

“धर गो,” तिनं हातातली काठी शेजारून चालणाऱ्या बाईला दिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिवळं लुगडं गर्दीत शिरलं, डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, एकदा दोन गावांच्या मधल्या मोकळ्या जागेत पूर्ण दिसलं आणि मग दिसेनासं झालं. गुडघे दुखणारी बाई अशी चालत नाही.

मी ओरडले. पण सगळेच ओरडत होते. माझ्या हातात काठी होती, ती सोडली तर गावाचं नाव लोंबकळणार होतं. आईचा मोबाईल माझ्याच पिशवीत होता. मैदान येईपर्यंत मी ती काठी धरून चालले आणि पिवळा रंग शोधत राहिले. तेवढ्या गर्दीत पिवळं किती असतं, ते तेव्हा कळलं.

मैदानात पोचल्यावर काठी काकांकडं दिली आणि निघाले. फलक जमिनीत रोवलेले, कुणी झाडाला बांधलेले. मी नावं वाचत चालले होते. पेणपलीकडचं एक गाव संपलं की दोन पावलांवर मुरुडकडचं सुरू व्हायचं. बोर्ली पंचतनची मंडळी जागरणानं पेंगुळलेली, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसली होती. श्रीवर्धनकरांनी फलकाच्या काठीला सुपारीचा घोस बांधला होता. एसटीनं जायला दिवस मोडतो, तेवढा किनारा मी चपला हातात घेऊन तुडवत होते. व्यासपीठावरून भाषणं चालू होती. कर्णे लांब लांब बसवलेले, त्यामुळे प्रत्येक शब्द आधी जवळून आणि मग लांबून, असा दोनदा ऐकू यायचा. “जमीन… जमीन. आमची… आमची.” डोक्यावर ऊन होतं. मला वाटायला लागलं की मी फार वेळ झोपले आहे आणि कुणीतरी मला हाका मारून उठवतं आहे.

निळ्या फुलांची चादर मैदानाच्या कडेला सापडली. शंभरेक माणसं बसली असतील, बहुतेक म्हातारी. मी आईला शोधत घाईनं मधे शिरले.

“ए पोरी! तिथं पाय ठेवू नको,” एक म्हातारी माझ्यावर खेकसली. “इहीर हाय ती!”

मी दचकून पाय मागं घेतला. खाली सुकलेलं गवत आणि एका बाटलीचं बूच. पण खरंच तिथं, माणसांच्या मधोमध, गोल जागा मोकळी सोडलेली होती. आजूबाजूचे सगळे हसले आणि त्या हसण्यात मला आईचं हसू ऐकू आलं. ती पार पलीकडच्या टोकाला, एकटीच, पाय पसरून बसली होती.

“ये बाय, पन वाटेनं ये,” ती म्हणाली. “असं कोनाच्या घरातून येऊ नये.”

मग मला कळलं. मैदानात ही माणसं येऊन बसली तेव्हा त्या खेकसणाऱ्या म्हातारीनं शेजारच्या एका आजोबांना म्हटलं होतं, “तू माझ्या पडवीत काय बसलास? जा तुझ्या घरी.” गावात असताना दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. आजोबा हसून सरकले. मग तिसरा म्हणाला, असं असेल तर मी देवळापलीकडं पाहिजे. असं करत करत अख्खं गाव उठलं आणि आपापल्या घरी जाऊन बसलं. वरची आळी, खालची आळी, मारुतीचं देऊळ, मध्ये विहीर. देवळाच्या जागी पाण्याचा पिंप ठेवला होता. ज्या घरातलं कुणीच आलं नव्हतं, त्या घराची जागा रिकामी सोडली होती.

आईचं घर शेवटचं. तिच्या पुढं कुणी नव्हतं, मैदानाचं कुंपण होतं. तिनं लाँचवर केलं होतं तसंच तिकडं बोट केलं आणि मला कळलं की कुंपणाच्या पलीकडं खाडी आहे.

“तुमच्या घरातलं कोनीच न्हवतं,” ती खेकसणारी म्हातारी आता माझ्या हाताला धरून सांगत होती. ती आईच्या चुलतभावाची बायको निघाली, म्हणजे माझी मामी. “मोकळं ठेवलंवतं. मी म्हटलं, राहू दे. तर बघतंय तर काय, धाकली चालत येतेय. वाटेवरून, नीट. कोनी सांगितलं न्हाय, काय न्हाय, सरळ आपल्या घरात जाऊन बसली.”

“धाकली?” मी विचारलं.

“मंग! तुझी आय. सगळ्यांत धाकटी होती आळीत. नाकाला शेंबूड न् मागं लागायची, मना पन नेवा, मना पन नेवा.”

आई लाजली. मी तिला लाजताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी ती थोरली सून, थोरली वहिनी, मग सासू. तिला कुणी धाकली म्हणू शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“आणि ही कोन?” देवळाशेजारच्या आजोबांनी विचारलं.

“माजी लेक. चित्रं काढते.”

“म्हंजे भाची आपली. बस गो. आजोळी आलीयस, उभी काय राहतेस?”

मी आईच्या घरात बसले. मामीनं आपल्या घरातून हात लांब करून सुक्या बोंबलाची चटणी माझ्या भाकरीवर घातली. कुणी विचारलं, भाची काय करते, कुठं असते, लग्न केलं का. मी सांगत होते, पण माझं अर्धं लक्ष आईकडं होतं. ती वरच्या आळीतल्या एका बाईशी विहिरीवरून बोलत होती. म्हणजे विहिरीच्या अलीकडून पलीकडं, आवाज चढवून, मधल्या गोल गवताच्या जागेवरून. दोघींना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. भाषण चालू होतं, घोषणा होत होत्या, त्यांनाही दोघी हात वर करून साथ देत होत्या आणि मग पुन्हा आपल्या बोलण्याकडं वळत होत्या.

मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं क्रिकेट खेळत होती. त्यांचा एक उंच फटका आकाशात बराच वेळ राहिला आणि चेंडू खालच्या आळीत येऊन पडला.

“कुठं पडला?” मामी ओरडली.

“माझ्या परसात!” खालून एक म्हातारा म्हणाला. त्यानं चेंडू उचलून बघितला, लुंगीला पुसला आणि खेळाडूंकडं फेकण्याऐवजी शेजारच्या घरात दिला. असा घरोघर हिंडत, देवळावरून, विहिरीला वळसा घालून तो चेंडू माझ्या हातात आला. मी उठून फेकला. तो नेम चुकून भलतीकडंच गेला आणि मामी म्हणाली, “चित्रंच काढ तू.”

दुपार कलली तशी मागून आणखी गावं यायला लागली. एक महिला पोलीस आमच्याकडं आली. तरुण होती, उन्हानं लाल झालेली. “मावशी, जरा जवळजवळ सरकून बसा ना. एवढी जागा मोकळी आहे, मागचे लोक उभे आहेत.”

“सरकू कुठं?” मामी म्हणाली. “तिकडं देऊळ हाय.”

ती पोलीस गोंधळली. आईनं तिला खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं, हे घर कुणाचं, ते कुणाचं, विहीर कुठली. ती ऐकत राहिली. शेवटी आपल्या बुटांकडं बघत म्हणाली, “मग मी आता कुठं आहे?”

“तू वाटेवर.”

ती उठली आणि वाटेवरून बाजूला झाली. आमच्याकडं परत आली नाही बराच वेळ. पण माणसं येतच होती. ऊन डोक्यावर घेऊन कुठल्यातरी डोंगराकडच्या गावातल्या बायका कडेला उभ्या होत्या, कडेवर पोरं. त्या बसायला जागा शोधत होत्या आणि आमच्याकडच्या मोकळ्या गोलाकडं बघत होत्या.

“या गो, बसा,” शेवटी मामीच म्हणाली.

त्या बायका येऊन विहिरीत बसल्या. पोरांना मांडीवर घेतलं. एकीनं पदरानं वारा घेतला.

“बुजवली एकदाची,” देवळाशेजारचे आजोबा हसून म्हणाले.

कुणी हसलं नाही. आजोबांचं हसूही तोंडावर राहून गेलं. खरी विहीर कशी बुजवली होती, ते तिथल्या बहुतेकांनी उभं राहून पाहिलं होतं. मला ते आईनं नंतर सांगितलं. दगड-माती टाकताना पाणी वर येत राहिलं होतं, काठावरून ओसंडून आळीतून वाहत गेलं होतं. ती तेव्हा लेकुरवाळी होती, मला कडेवर घेऊन बघायला गेली होती. मला त्यातलं काहीच आठवत नाही.

मग मामीनं आपली पाण्याची बाटली विहिरीतल्या बायकांकडं दिली. “प्या,” ती म्हणाली. “गोडं पानी हाय.”

उन्हं उतरताना व्यासपीठावरून सांगितलं की आपली माणसं मंत्र्यांना भेटून आली आहेत, उठवलेल्या जुन्या गावांना द्यायच्या जागांचं बघू म्हणाले आहेत, आमच्या नोटिसांचा पुन्हा विचार करू म्हणाले आहेत. टाळ्या झाल्या. कर्ण्यांमुळं टाळ्याही दोनदा झाल्या. आणि मैदान उठायला लागलं.

मला वाटलं होतं, उठताना काहीतरी होईल. कुणी रडेल. पण बसला उशीर होईल म्हणून माणसं भराभर उठली, गुडघ्यांवर हात देत, एकमेकांना ओढत. चादर सोडून गुंडाळली. पिंप पालथा केला. आई मात्र बसून होती. पसरलेले पाय तिनं जवळ घेतले आणि आजूबाजूचं गवत तळहातानं सारखं केलं, जेवण झाल्यावर जमीन पुसतात तसं.

मामी परत आली. “उठ गो धाकले. चैतात देवीची जत्रा हाय. वसाहतीत. येशील?”

“बघू,” आई म्हणाली.

“बघू काय? चाळीस वर्षं बघतेसच.”

परतीच्या लाँचला वारा होता. आकाश केशरी झालं होतं आणि पाणीही, मधली रेघ पुसली गेली होती. मी आईला विचारलं की तू वसाहतीत कधीच का गेली नाहीस, सगळे तर तिथंच होते. ती पाण्याकडं बघत म्हणाली, “जिने चढून कोनी माहेरी जातं काय?” आणि बऱ्याच वेळानं, मी दुसऱ्याच विचारात असताना, “पन मानसं तीच हायत.”

आमच्या नोटिसांचं पुढं काय झालं ते धड सांगता येणार नाही. त्या मागं घेतल्या नाहीत, आणि मोजणीला अजून कुणी आलंही नाही. दर थोड्या महिन्यांनी बातमी येते, गाव गरम होतं, थंड होतं. जुन्या गावांच्या जागांची कामं टेबलावर आहेत असं मामी फोनवर सांगते. आता ती आणि आई फोनवर बोलतात. दोघीही फोनवर ओरडतात.

चैत्रात आई वसाहतीत गेली. मी सोबत होते. सारख्या दिसणाऱ्या चार मजली इमारती, खाली लावलेले ट्रक, जिन्यात चपला. देवीची मूर्ती जुन्या गावातून आणलेली, तिला तळमजल्यावर गॅरेजएवढ्या देवळात बसवलेली. आईला पहिल्या दिवशी तिथं करमलं नाही. ती गॅलरीत उभी राहून खालचे ट्रक बघत राहिली आणि मला दोनदा विचारलं, परतीची गाडी कधी. मीही मनातून हिरमुसले. मैदानात बघितलं होतं ते इथं कुठंच नव्हतं. कुणाचं घर कुणाच्या डोक्यावर होतं, कुणाचं कुणाच्या पायाखाली.

दुसऱ्या दिवशी पालखी निघायच्या आधी मामीनं गावात दिलेल्या आणि गावातून गेलेल्या सगळ्या लेकींना देवळासमोर पाटावर बसवलं. एकेकीची ओटी भरली. आई सगळ्यांत शेवटी होती, आता वयानं थोरली असली तरी इथं ती धाकलीच. नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि एक खण. मामीनं तिच्या पदरात तांदूळ घालताना काही दाणे खाली सांडले. “सांडू दे,” मामी म्हणाली, “चिमण्या खातील.”

तो खण भडक हिरवा होता, नायलॉनचा, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा. घरी आल्यावर आईनं लगेच शिंप्याकडं टाकला. शिंप्यानं बाह्या घट्ट शिवल्या. मी म्हटलं, उसवून सैल करून देते, तर ती म्हणाली राहू दे, बसेल अंगाला. आता कुठं लग्नकार्य असलं की ती तो ब्लाऊज घालते, दंडावर वळ उठतात, आणि कुणी काही विचारण्याआधीच सांगते की हा माहेरचा आहे.